गोळी चालू, तरी ओटीपोटात कळा

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय २६, लग्नाला एक वर्ष झालं. आणखी दोनेक वर्षं मूल नको असं आम्ही दोघांनी ठरवलंय, म्हणून पाच महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेते. २१ गोळ्यांचं पाकीट आणि मग सात दिवस सुट्टी. मला कॉलेजपासून पाळीत भयंकर दुखतं. पहिल्या दिवशी उलट्या व्हायच्या, एकदा परीक्षाही बुडाली. तेव्हा सोनोग्राफी केली होती, ती नॉर्मल आली. आई म्हणायची, लग्न झालं की कमी होईल. गोळ्या लिहून देताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांनी दुखणंही कमी होतं. रक्तस्राव खरंच कमी झाला, पण कळा तशाच आहेत. सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सुरू होतात, कंबर आणि मांड्या भरून येतात. मी शक्यतो पेनकिलर घेत नाही. अगदीच सहन होईना तर रात्री एक मेफ्टाल स्पास घेते.

मी एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करते, त्यामुळे गोळीची वेळ मागेपुढे होते. म्हणून ती लागू पडत नसेल का? दिवस तर राहिले नसतील? सासूबाई म्हणतात, या गोळ्यांनी पिशवी खराब होते, पुढे मूल राहत नाही. त्यात पुढच्या महिन्यात गौरी आहेत. तेव्हा अडचण यायला नको म्हणून त्यांनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून ठेवल्यात. दोन्ही गोळ्या एकत्र चालतात का?

आणि एक विचारायचं होतं. संबंधांच्या वेळी कधी कधी आत खोलवर दुखतं. सुट्टीच्या दिवसांत शौचाला बसतानाही तसंच दुखतं. हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर

बाकीचे प्रश्न तू सविस्तर विचारलेस आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ते शेवटी 'आणि एक' म्हणून चार ओळींत उरकलंस. दवाखान्यातही असंच होतं. बाई उठून दारापर्यंत जाते, चप्पल पायात सरकवते आणि मग म्हणते, 'ते एक राहिलंच.' त्या चार ओळींकडे मी येतेच आहे. पण त्यांना एवढं महत्त्व का, हे कळायला आधी गोळी पोटात काय करते ते बघू.

तू घेतेस ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन या दोन संप्रेरकांची एकत्रित गोळी. तिच्यामुळे बीजांडकोशातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं. पाळीतल्या कळा येतात त्या याच अस्तरात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. ती गर्भाशयाचा स्नायू आवळतात. स्नायू आवळला की त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि ओटीपोटात पिळवटतं. हीच रसायनं आतड्यांवरही काम करतात, म्हणून उलट्या, जुलाब, मळमळ. अस्तर पातळ झालं की रसायन कमी आणि कळाही कमी, असं हे गणित. तुझ्या डॉक्टर म्हणाल्या ते बरोबरच होतं. अमेरिकेत ही गोळी बाजारात आली तीच मुळी १९५७ साली, पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून तिला परवानगी मिळाली १९६० मध्ये. त्यामुळे मेडिकलवाला पाकीट कागदात गुंडाळून देताना चेहरा करतो, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

सुट्टीच्या सात दिवसांत जो रक्तस्राव होतो ती खरी पाळी नव्हे. संप्रेरकं अचानक थांबली म्हणून अस्तर सुटतं. तेव्हाही थोडी प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, त्यामुळे थोडंफार दुखणं गोळीवर असतानाही शक्य आहे. पहिल्या तीन महिन्यांत तर शरीर रुळेपर्यंत मध्येच डाग पडणं, मळमळ, स्तन दुखणं, पोटात चावल्यासारखं होणं हे सगळं होऊ शकतं. तू मला दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतंस, तर थोडं थांब म्हणाले असते. पण आता पाच महिने झालेत, रक्तस्राव कमी झालाय, म्हणजे गोळी तिचं काम करतेय. तरी कळा जशाच्या तशा. मग त्या नुसत्या अस्तरातून येत नसाव्यात, दुखण्याला दुसरं काही कारण असू शकतं.

आता त्या चार ओळी. पाळीत कॉलेजपासून तीव्र दुखणं, संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखणं, पाळीच्या दिवसांत शौचाला त्रास आणि गोळीने अपेक्षेइतका आराम नसणं. या चारही गोष्टी एकत्र दिसल्या की स्त्रीरोगतज्ज्ञाच्या मनात पहिलं नाव येतं ते एंडोमेट्रिऑसिसचं. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते. बीजांडकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर. दर महिन्याला तिथे सूज येते, चिकटे होतात, म्हणजे आतले अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो. म्हणजे तुझ्या कंपनीच्या कँटीनमध्येही अशा दोघी-तिघी जेवत असतील आणि डब्याबरोबर 'माझं दुखतंच गं' एवढंच बोलत असतील. निदान व्हायला अनेकींना कित्येक वर्षं लागतात. त्याचं एक मोठं कारण तुझ्या पत्रातच आहे: लग्न झालं की कमी होईल. लग्न हे कशावरचंच औषध नव्हे. लग्नानंतर 'मूल झालं की थांबेल' सुरू होतं, मुलानंतर 'चाळिशीनंतर थांबेल'. आईचा यात दोष नाही, तिलाही कुणीतरी हेच सांगितलं असणार.

तुला हाच आजार आहे असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही, कुणीच म्हणू नये. गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर शिरणं, म्हणजे ॲडिनोमायोसिस, फायब्रॉइडच्या गाठी, ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग, यांनीही असं दुखतं. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोगही डोक्यात ठेवावा लागतो. पण तपासायला हवं एवढं मात्र नक्की.

'सोनोग्राफी नॉर्मल होती' याचा आधार फार घेऊ नकोस. लग्नाआधीची तपासणी बहुधा पाणी पिऊन, पोटावरून केलेली असणार. बीजांडकोशातली मोठी चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारात होणारी जुन्या रक्ताने भरलेली गाठ, त्यात दिसते, पण गर्भाशयामागचे चिकटे आणि खोल गाठी हुकू शकतात. त्या आतून, म्हणजे योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत जास्त चांगल्या दिसतात, तेही बघणाऱ्याला या आजाराची सवय असेल तर. कधी एमआरआय लागतो. आणि या आजाराचे पातळ, पसरलेले डाग कुठल्याच तपासणीत न दिसण्याची शक्यता राहते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार, 'आतून सोनोग्राफी करायची का, आणि करायची तर एंडोमेट्रिऑसिस शोधण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडून करता येईल का?' असं विचारलं म्हणून कुठला चांगला डॉक्टर रागावत नाही.

'म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन करूनच कळणार का' ही भीती असेल, तर तीही थोडी कमी करते. पूर्वी लॅप्रोस्कोपी केल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. प्रजननवैद्यकातल्या तज्ज्ञांच्या युरोपीय संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा आग्रह सोडला. लक्षणं जुळत असतील तर दुर्बीण न घालताही औषध सुरू करता येतं. ऑपरेशन लागतं ते औषधाने भागलं नाही किंवा तपासणीत काहीच दिसत नसूनही शंका उरली तेव्हा.

आता घरी काय करायचं ते. तू पेनकिलर जशी घेतेस ती पद्धत आधी बदलायला हवी. दिवसभर सोसून रात्री एक घेणं म्हणजे पाणी घरात शिरल्यावर दार लावणं. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं अडवतात. एकदा ती तयार होऊन गर्भाशय आवळायला लागलं की यांना फारसं काम उरत नाही. तुझ्या कळा कधी येतात हे तुला पक्कं माहीत आहे, सुट्टीचा तिसरा दिवस. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेवणानंतर पहिली गोळी आणि पुढचे दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, घड्याळाप्रमाणे. दुखो वा न दुखो. डोसबद्दल एक सांगते. मेफ्टाल स्पासच्या एका गोळीत मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅम आणि पेटक्यांसाठी डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम असतं. पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड एरवी ५०० मिलिग्रॅमने सुरू करतात. म्हणून उद्या दोन-दोन गोळ्या घ्यायला लागू नकोस, त्यात डायसायक्लोमिनही दुप्पट होईल आणि मशिनवर उभं असताना चक्कर नि झोप येईल. कुठलं औषध, किती, हे चिठ्ठीवर लिहून घे.

ॲसिडिटीचा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, ॲस्पिरिनने वाढणारा दमा असेल तर ही औषधं तुझ्यासाठी नाहीत. उपाशीपोटी तर कुणीच घेऊ नयेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्याची गंभीर ॲलर्जी होते, काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं सुरू होतं. असं काही झालं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना. पण तेव्हा व्हॉट्सॲपवर जो धुरळा उडाला, तसं ते औषध विष नाही. आणखी एक बारीक गोष्ट: तुझ्या पाकिटावर ड्रोस्पिरेनोन हे नाव आहे का बघ. असेल तर डॉक्टरांना आठवण कर, कारण त्याने आणि या पेनकिलरनी मिळून रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. महिन्यातून दोन दिवस घेणाऱ्या निरोगी बाईला सहसा काही होत नाही, रोज घेणारीला होऊ शकतं.

गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर धर. हा आजीचा उपाय अभ्यासातही खरा ठरलेला आहे, आणि शिफ्टमधल्या सुपरवायझरला समजावत बसायची वेळ आली तर चिकटवायचे हीट पॅच मिळतात, कपड्यांखाली दिसत नाहीत. कातडीला थेट लावू नकोस एवढंच.

शिफ्टचा प्रश्न. एकत्रित गोळीला काही तासांची मागेपुढे चालते. आधीच्या गोळीपासून ४८ तास उलटले नसतील तर संरक्षण कायम असतं. राहिलेली लगेच घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळी, मग एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालेल. वेळ वारंवार बदलली तर मध्येच डाग पडू शकतात, थोडं दुखूही शकतं, पण तुझ्या कळांचं खापर मी शिफ्टवर फोडणार नाही. दोन किंवा जास्त गोळ्या राहिल्या तर शेवटची राहिलेली तेवढी घेऊन पाकीट पुढे चालू ठेव आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरा. हे पाकिटाच्या शेवटच्या आठवड्यात झालं तर सुट्टी न घेता थेट नवं पाकीट. पहिल्या आठवड्यात झालं आणि संबंध आले असतील तर डॉक्टरांना लगेच फोन कर, तातडीची गोळी लागेल का ते त्या सांगतील. सर्वांत धोक्याचा विसर कुठला, तर नवं पाकीट उशिरा सुरू करण्याचा. सात दिवसांची सुट्टी आठ-नऊ दिवसांची झाली की बीजांडकोश जागा होतो. मोबाइलचा गजर संध्याकाळी सातला लाव. पहिली, दुसरी, तिसरी, कुठलीही पाळी असो (कामाची म्हणतेय), सातला माणूस जागा असतो.

गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरच्या काही गोळ्या गर्भनिरोधकाचा असर कमी करतात, तसलं काही चालू असेल तर सांग. साध्या अँटिबायोटिकने काही होत नाही.

दिवस राहिलेत का? नियमित घेतेस आणि सुट्टीत रक्तस्राव येतो, तर शक्यता फार कमी. मनाला चुटपुट लागली असेल तर मेडिकलमधलं किट आणून सकाळच्या लघवीवर तपास, विषय संपला. पण अचानक एका बाजूला असह्य दुखलं, घेरी आली, खांद्यात कळ गेली, तर मात्र पत्र लिहायचं नाही, रिक्षा करायची आणि इस्पितळ गाठायचं, शिफ्ट अर्धी सोडून. तसंच गोळीवर असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, कधी नव्हे तसं डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे वेडेवाकडे प्रकाश दिसले तरी. रक्ताची गुठळी होण्याचा धोका या गोळ्यांनी किंचित वाढतो. तपासणीला जाशील तेव्हा बीपी मोजून घे. अर्धशिशीत आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येतात का, घरात कुणाला तरुणपणी गुठळी झाली होती का, हे डॉक्टरांनी विचारलं नसेल तर आपण होऊन सांग.

गौरींबद्दल. सासूबाईंनी आणलेलं पाकीट तसंच राहू दे. त्या गोळ्या नॉरएथिस्टेरॉनच्या असतील. गर्भनिरोधक न घेणाऱ्या बाईला पाळी लांबवायला त्या देतात, आणि त्याही डॉक्टरांना विचारून, कारण शरीरात त्यांचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. तुला त्यांची गरजच नाही. तुझं २१ चं पाकीट संपलं की सुट्टी न घेता दुसऱ्या दिवशी नवं सुरू कर, रक्तस्राव येणारच नाही. विसर्जन झालं आणि नव्या पाकिटाच्या निदान २१ गोळ्या झाल्या की मग सुट्टी. फक्त पाकिटातल्या सगळ्या गोळ्या एकाच ताकदीच्या आहेत ना, एवढं बघून घे. पाळीत गौरी बसवल्या तर काय बिघडतं, यावर माझं मत तुला ठाऊक असेलच, पण तू विचारलंयस ते गोळीचं.

आणि हीच युक्ती तुझ्या कळांवरही चालते. दुखतं ते सुट्टीत, मग सुट्टीच कमी करायची. तीन पाकिटं सलग, ६३ गोळ्या, मग चार दिवस थांबायचं, अशा पद्धतीने अनेक डॉक्टर देतात. एंडोमेट्रिऑसिसची शंका असेल तर बहुतेक हाच पहिला बदल असतो. रक्त बाहेर न पडता पोटात साठतं, ही समजूत चुकीची आहे. अस्तर तयारच होत नाही, तर साठणार काय? ब्रिटनमधल्या लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञसंस्थेने २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सात दिवसांच्या सुट्टीने तब्येतीला कुठलाही फायदा होत नाही. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडतील, एवढी तयारी ठेव. हे आपल्या मनाने कायमचं सुरू करू नकोस, डॉक्टरांशी बोलून कर. याने भागलं नाही तर डायनोजेस्ट या प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या किंवा संप्रेरक असलेली तांबी असे पुढचे पर्याय आहेत. डायनोजेस्टवर असताना वेगळं गर्भनिरोधक लागतं, हे सांगायचं काही वेळा राहून जातं. साधी कॉपर-टी मात्र तुझ्यासाठी नको, तिने कळा आणि रक्तस्राव दोन्ही वाढू शकतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी छाया गोळीही चांगली आहे, पण ती वेगळ्या प्रकारची, संप्रेरकांविना. तुझ्या दुखण्यावर ती उपाय नाही.

कुणी 'पिशवी काढून टाका' म्हणालं तर तिथून उठ आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या ज्या सहजतेने काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलंय. एंडोमेट्रिऑसिस गर्भाशयाच्या बाहेर असतो, त्यामुळे नुसती पिशवी काढून तो जातोच असंही नाही.

सासूबाईंच्या काळजीचं उत्तर त्यांना नीट दे, झिडकारू नकोस. गोळीने पिशवी खराब होत नाही. बंद केल्यावर बीज पुन्हा तयार व्हायला लागतं, काहींना तर पुढच्याच महिन्यात दिवस राहतात. बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा आणि बीजांडकोशाचा कर्करोग कमी आढळतो. मूल राहायला अडचण येऊ शकते ती गोळीमुळे नाही, तपासणी न केलेल्या आजारामुळे. म्हणून डॉक्टरकडे जाशील तेव्हा 'दोन वर्षांनी मूल हवंय' हे पहिल्याच भेटीत सांग. बीजांडकोशात चॉकलेट सिस्ट निघाली तर ती कधी काढायची, काढायचीच का, हे त्यावर ठरतं, कारण ऑपरेशनमध्ये सिस्टबरोबर थोडा चांगला बीजसाठाही जातो. आणि ती चार वाक्यं या वेळी चप्पल घालायच्या आधी सांग. तोंडाने बोलायला जड जात असेल तर पत्रातल्या त्या ओळी फोनमध्ये लिहून ठेव आणि फोन त्यांच्यापुढे धर.